फौजीच्या फ्लेक्सवर हुद्दा लिहिण्याआधी

काही वर्षांपूर्वी मोहोळ तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. "ताई, आमचे मेजर रिटायर होऊन यायलेत. दहा बाय आठचा फ्लेक्स करा, फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो." फोटो आला, मी नाव टाकलं, नावाच्या आधी ठसठशीत 'मेजर' लिहिलं आणि रात्रीतून फ्लेक्स गेला. दुसऱ्या दिवशी उघडी जीप, हलगी, गुलाल, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ स्वतः सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या दुकानात आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाले, "ताई, मी हवालदार आहे. तीन फिती लागायला मला सतरा वर्षं लागली. तुम्ही एका रात्रीत मेजर केलंत. माझ्या पलटणीतल्या पोरांनी हा फोटो बघितला तर त्यांना काय वाटेल?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हुद्दा हा नावाआधीचा शोभेचा शब्द नसतो. चूक गावाचीही नव्हती. आपल्या भागात फौजेतला प्रत्येक माणूस 'मेजर'च असतो. सुट्टीवर आलेला पोरगा टपरीवर दिसला की "काय मेजर, कधी आलात?" हे ठरलेलं. त्यात प्रेम आहे, मान आहे, ते राहू दे. पण छापताना हे चालत नाही, कारण मेजर हा एक ठरावीक हुद्दा आहे आणि हवालदार हा दुसरा. दोघांचाही मान ज्याच्या त्याच्या जागी पूर्ण आहे.

मी डिझाइनचं काम करते, मशीन माझे यजमान बघतात. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सरते न सरते तोवर 26 जानेवारीचे फ्लेक्स सुरू होतात आणि सेवापूर्तीचे सोहळे तर वर्षभर असतात. त्या प्रसंगानंतर मी बार्शीकडच्या माझ्या मामांकडे गेले. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी काळी ट्रंक उघडली, खांद्यावरच्या पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "पोरी, वाच. हे अक्षरासारखंच असतं." त्यांनी शिकवलं ते आणि पुढे कामातून कळलं ते, असं दोन्ही इथे लिहिते. फ्लेक्स करणारे, पत्रिका लिहिणारे, सूत्रसंचालन करणारे, शाळेत फलक रंगवणारे गुरुजी, अशा सगळ्यांच्या उपयोगाला यावं म्हणून.

फोटो हातात आला की चेहऱ्याआधी दंड बघा. दंडावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, टोक खाली असलेल्या फिती दिसल्या तर मोजा. एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. दंड मोकळा आणि खांद्यावरही तारा किंवा राष्ट्रचिन्ह नाही, तर तो साधा जवान. एवढ्यात निम्मं काम होतं, कारण आपल्याकडे येणारे निम्म्याहून जास्त फोटो याच चार पायऱ्यांतले असतात.

हे शब्द आपल्याला परके नाहीत. शिवछत्रपतींच्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक असे, घोडदळात पंचवीस स्वारांवर हवालदार, गडाच्या कारभारातही हवालदार होताच. आजही फौजेत दहाएक जवानांच्या सेक्शनची जबाबदारी नाईक किंवा हवालदारच सांभाळतो. म्हणून कुणी "नुसता नाईक आहे हो" असं म्हटलं की मला ते सहन होत नाही. गोळीबारात दहा जणांना पुढे नेणारा माणूस आहे तो.

साध्या जवानाला काय लिहायचं, इथे मात्र घोळ होतो. कागदावर 'सिपाही' असतं. त्याचं मराठी 'शिपाई' होतं, पण शिपाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कचेरीतला शिपाई येतो आणि घरच्यांना वाईट वाटतं. मी 'सिपाही' तसंच ठेवते, किंवा घरच्यांना विचारून 'जवान' लिहिते. मात्र सगळीकडे सिपाही नसतो. तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ग्रेनेडियर्समध्ये ग्रेनेडियर, रायफल रेजिमेंटमध्ये रायफलमन, ईएमई म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या दलात क्राफ्ट्समन, रणगाड्यांच्या दलात सवार. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आलेल्या मुलाला सॅपर लिहिलेलं दिसलं की त्याचा चेहरा कसा खुलतो ते मी पाहिलंय. 2022 पासून भरती झालेले अग्निवीर हा वेगळाच दर्जा आहे, त्यांचं चिन्हही वेगळं. तिथे 'अग्निवीर' एवढंच लिहा.

रणगाडा आणि घोडदळाची परंपरा असलेल्या रेजिमेंटचे शब्दही निराळे. पूना हॉर्ससारख्या रेजिमेंटमध्ये तीन फितीवाला हवालदार नसतो, दफेदार असतो. नाईकाच्या जागी लान्स दफेदार आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार. फिती-तारे तेच, नाव बदलतं. म्हणून फोटोबरोबर रेजिमेंट कोणती हेही विचारायचं.

आता खांदा. खांद्यावर तारे दिसले की बहुतेक जण घाईने 'अधिकारी' ठरवून मोकळे होतात. इथे थांबा. मामांनी माझ्या हातात दिलेल्या पट्टीवर दोन सोनेरी तारे होते आणि ताऱ्यांच्या खाली, दंडाच्या बाजूला एक आडवी लाल-पिवळी पट्टी. मामा म्हणाले, "ही पट्टी झाकली तर मी लेफ्टनंट दिसेन. पट्टी दिसली की मी सुभेदार." सगळं वाचन या बोटभर रुंदीच्या पट्टीवर येऊन थांबतं.

पट्टी आणि एक तारा म्हणजे नायब सुभेदार. नायब म्हणजे हाताखालचा, जसा तहसील कचेरीत नायब तहसीलदार. या हुद्द्याला 1965 पर्यंत जमादार म्हणत, त्यामुळे जुन्या लढायांच्या कागदांत जमादार आला तर तो आजचा नायब सुभेदार समजा. पट्टी आणि दोन तारे म्हणजे सुभेदार. पट्टी आणि तारा नाही, तर सोनेरी राष्ट्रचिन्ह, म्हणजे चार सिंहांचा अशोकस्तंभ, तर सुभेदार मेजर. हा पलटणीत एकच असतो आणि कमांडिंग ऑफिसरही जवानांच्या बाबतीत त्याच्याशी बोलल्याशिवाय पाऊल टाकत नाही. या तिघांना मिळून जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर म्हणतात. फौजेत यांना 'साहेब' म्हणूनच हाक मारतात, सुभेदार साहेब. सिपाही म्हणून भरती होऊन, एकेक फीत चढत, वीस-पंचवीस वर्षांनी माणूस इथे पोचतो. मामांना एकदा कुणीतरी कौतुकाने लेफ्टनंट लिहिलं होतं. ते मला म्हणाले, "लेफ्टनंट बावीस वर्षांचं पोर असतं. चांगलं असतं, पण मी ते नाही."

'सुभेदार मेजर' मधलं 'सुभेदार' जागा पुरत नाही म्हणून गाळायचं नाही. 'हवालदार मेजर' मधलं 'हवालदार'ही नाही. कंपनी हवालदार मेजर ही हवालदाराकडे दिलेली एक नेमणूक आहे, तिचा मेजर या हुद्द्याशी संबंध नाही. माझी पहिली चूक झाली तिथे तर हाही प्रकार नव्हता, साधं गावाचं हाक मारणं होतं. पण निम्म्या चुका या एका 'मेजर' शब्दातून जन्मतात, म्हणून फोनवर मेजर ऐकलं की मी लगेच विचारते, "खांद्यावर काय आहे?"

खांद्यावर लाल-पिवळी पट्टी नसेल तर पुढचं वाचन अधिकाऱ्यांचं. दोन तारे लेफ्टनंट, तीन तारे कॅप्टन. पूर्वी एका ताऱ्याचा सेकंड लेफ्टनंट असे, आता तो हुद्दा नाही. नुसतं राष्ट्रचिन्ह म्हणजे मेजर. राष्ट्रचिन्ह आणि एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन तारे कर्नल, तीन तारे ब्रिगेडिअर. ब्रिगेडिअरचे तीन तारे त्रिकोणात बसवलेले असतात, त्यामुळे धूसर फोटोतही ओळखू येतात. त्याच्या वर गेलं की तलवार आणि बॅटन म्हणजे छोटी काठी यांची फुली येते. फुलीबरोबर तारा असेल तर मेजर जनरल, फुलीबरोबर राष्ट्रचिन्ह असेल तर लेफ्टनंट जनरल, दोन्ही असतील तर जनरल. फील्ड मार्शल आजवर दोघेच झाले, 1973 साली माणेकशा आणि 1986 साली करिअप्पा.

हे पाठ करायची युक्ती अशी की तारे तीनपर्यंत भरले की चिन्ह येतं, मग पुन्हा तारे भरायला लागतात. ब्रिटिशांच्या वेळी राष्ट्रचिन्हाच्या जागी राजमुकुट होता. 26 जानेवारी 1950 ला तो उतरला आणि सिंह आले. घरात आजोबांचा जुना फोटो असेल तर मुकुट दिसेल, तो पुसून सिंह बसवू नका. तो त्या काळाचा पुरावा आहे.

मेजर लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग लेफ्टनंट जनरल मेजर जनरलपेक्षा मोठा कसा, हा प्रश्न मला प्रत्येक शाळेच्या गुरुजींनी विचारलाय. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याच्या जागी कारभार बघणारा, आपल्याकडचा मुतालिकच म्हणा. जनरलचा मुतालिक तो लेफ्टनंट जनरल, म्हणून तो जनरलच्या लगेच खाली. मेजर जनरलचं मूळ नाव सार्जंट मेजर जनरल असं होतं, पुढे सार्जंट गळाला. त्यामुळे तो एक पायरी खाली राहिला.

खांदा नीट दिसत नसेल तर कॉलर बघा. कर्नल आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या कॉलरवर लाल पट्टे असतात, त्यांना गॉर्जेट पॅच म्हणतात. कर्नलच्या पट्ट्यावर तारा नसतो, ब्रिगेडिअरच्या एक, मेजर जनरलच्या दोन, लेफ्टनंट जनरलच्या तीन, जनरलच्या चार. गाडीच्या तारांकित पाटीचा हिशोबही हाच. कॉलरवरचे आणि खांद्यावरचे तारे वेगवेगळे मोजायचे असतात, एकात दुसरे मिसळले की मेजर जनरलचा लेफ्टनंट होतो. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडिअर आणि वरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश सगळ्या रेजिमेंटसाठी एकसारखा झालाय. त्यामुळे नव्या फोटोत त्यांच्या टोपीवरून किंवा कमरेच्या पट्ट्यावरून रेजिमेंट सांगता येणार नाही, घरच्यांना विचारूनच लिहा.

लढाऊ गणवेशातला फोटो असेल तर सोनेरी काही शोधू नका. तिथे तारे-फिती गडद धाग्याच्या असतात, शत्रूला लांबून चमकू नयेत म्हणून. मोबाइलवर फोटो मोठा करून, उजेड वाढवून बघावं लागतं. तरीही खात्री नसेल तर दुसरा फोटो मागवा.

नौदल आणि हवाई दलाचं गणित निराळं आणि इथे कॅप्टन शब्द फसवतो. भूदलातला कॅप्टन तीन ताऱ्यांचा तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन चार सोनेरी पट्ट्यांचा, भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. हवाई दलात चार पट्ट्या म्हणजे ग्रुप कॅप्टन, तीन म्हणजे विंग कमांडर, तर नौदलात तीन पट्ट्या कमांडरच्या. नौदलाच्या अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांची खांद्यावरची चिन्हं 2023 च्या अखेरीस बदलली. त्यावर आता अष्टकोन आहे, तो शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलाय. ही घोषणा त्या वर्षी 4 डिसेंबरला सिंधुदुर्गात झाली. जुन्या फाइलमधलं चिन्ह नव्या फोटोशेजारी चिकटवू नका.

आपल्या जिल्ह्यातली बरीच मुलं सीआरपीएफ, बीएसएफमध्ये आहेत. त्यांची सेवाही सीमेवर, जंगलात, जीव धोक्यात घालूनच असते, पण ती भूदलात नाहीत. त्यांचे हुद्दे पोलिसांसारखे, कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, सब-इन्स्पेक्टर, असिस्टंट कमांडंट. त्यांच्या फ्लेक्सवर 'भारतीय सैन्यदल' छापलं की त्यांच्या स्वतःच्या दलाचं नाव पुसलं जातं. दलाचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात घ्या. आपल्या महाराष्ट्र पोलिसांतही पीएसआयच्या खांद्यावर दोन तारे असतात, पण खाली लाल-निळी पट्टी असते आणि 'म.पो.' अशी अक्षरं. लाल-पिवळी आणि लाल-निळी, हा फरक रात्रीच्या घाईत सुटतो.

एनसीसीच्या मुलांना हवालदार लिहू नका. त्यांच्यात फिती त्याच, पण नावं लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट. वर ज्युनिअर अंडर ऑफिसर आणि सीनिअर अंडर ऑफिसर.

चिन्ह वाचून झालं तरी लिहिण्यात चुकतं. फौजेत म्हणतात, माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. म्हणून 'निवृत्त सुभेदार अमुक' नाही, तर आधी सुभेदार, मग नाव, मग शेवटी 'निवृत्त'. 'माजी मेजर' तर कधीच नाही. मानद हुद्दा असेल तर 'मानद' शब्द सोडू नका. जेसीओंना 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन असे हुद्दे जाहीर होतात, हवालदारांना मानद नायब सुभेदार मिळतो. ते कमावलेलं असतं. 'मानद' गाळून कॅप्टन लिहिलं तर बघणाऱ्याला वाटतं, याने स्वतःच वाढवलं.

आणखी एक खाच पगाराची. ठरावीक वर्षांनी फौजेत वरच्या हुद्द्याचा पगार मिळतो, हुद्दा मिळतोच असं नाही. घरचे लोक पगाराच्या कागदावर नायब सुभेदार शब्द बघून तेच सांगतात. म्हणून मी माजी सैनिक ओळखपत्रावरचा हुद्दा विचारते, आपल्याकडे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं. सगळं कार्ड मागत नाही, फक्त हुद्द्याची ओळ वाचून सांगा म्हणते. नंबर फ्लेक्सवर छापायचा नाही, कुणी आग्रह केला तरी. चौकात टांगलेला सैनिकाचा नंबर कुणीही फोटो काढून नेऊ शकतं.

15 ऑगस्टला परमवीरांचे फ्लेक्स निघतात. तिथे पराक्रमाच्या दिवशीचा हुद्दा लिहावा असं माझं मत. राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढणारे राम राघोबा राणे 1948 मध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट होते, मेजर ते पुढे झाले. अब्दुल हमीद 1965 मध्ये कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. एवढं लांब नाव बसत नाही म्हणून कुणी 'हवालदार', कुणी 'वीर' करतं. दोन ओळी करा, बसतं. बाणा सिंग 1987 मध्ये सियाचीनवर नायब सुभेदार होते, निवृत्त होताना मानद कॅप्टन. दोन्ही लिहायचं असेल तर कुठला हुद्दा केव्हाचा ते स्पष्ट लिहा.

आता फोटोचं तांत्रिक. सेल्फी असेल तर उलटा असू शकतो. गणवेशात नावाची पाटी माणसाच्या उजव्या छातीवर असते आणि पदकांच्या रिबिनी डाव्या छातीवर. रिबिनी उजवीकडे दिसल्या तर फोटो सुलटा करून घ्या. पाटीवरची अक्षरं उलटी आहेत का हे बघणं सगळ्यात सोपं. कापताना खांदा कापू नका, मागच्या तिरंग्याच्या नादात आपण तेच करतो आणि लाल-पिवळी पट्टी पहिली जाते. फोटो साफ करणारी नवी ॲप चेहरा छान करतात, पण ताऱ्यांची फुलं करतात आणि रिबिनीचे रंग बदलतात. चेहऱ्यापुरतं वापरा, खांदा आणि छाती मूळ फोटोतूनच ठेवा. नेटवरून उतरवलेला खांदा दुसऱ्याच्या फोटोवर जोडायचं काम आमच्याकडे होत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी नाही. आणि चार सिंहांचं राष्ट्रचिन्ह कोपऱ्यात सजावट म्हणून लावू नका, 2005 च्या कायद्याने त्याला बंदी आहे. खांद्यावर आहे तेवढं पुरे. हौसेने गणवेश आणि बिल्ले घालून फोटो काढणारी पोरंही येतात. मी त्यांना परत पाठवते, सैनिक नसताना सैनिक असल्यासारखा वेश करणं हा गुन्हा आहे.

छापण्याआधी नमुना पाठवायचा तो ऑर्डर देणाऱ्या मित्रमंडळाला नाही, घरच्यांना. शक्यतो त्या माणसालाच. सोबत मी एक ओळ लिहिते, "हुद्दा, रेजिमेंट आणि नाव बरोबर आहे का, वाचून 'हो' म्हणा." 'हो' आल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. त्या हवालदार साहेबांसाठी मी दोन बाय तीनचा नवा फ्लेक्स केला, पैसे घेतले नाहीत. आधी हवालदार, मग नाव, मग निवृत्त. दंडावरच्या तिन्ही फिती स्वच्छ दिसतील असा फोटो त्यांच्याकडूनच मागवला आणि मोहोळच्या एसटीने पाठवून दिला.